डॉक्टर, आधी बसा

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला येणारी बोलावणी ठरलेली असतात. गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब तपासून द्या, पतसंस्थेच्या सभेला पाहुणे म्हणून या, फार तर शारदोत्सवात 'लेखक आपल्या भेटीला'. मी सदतीस वर्षे बँकेत काढली आणि त्याच काळात, घरचे झोपल्यावर, चार-पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे ही सगळी बोलावणी मला येतात आणि मी जातोही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र एक वेगळाच फोन आला.

फोन विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून होता. बालरोग विभागाच्या प्राध्यापिका बोलत होत्या. त्यांनी माझी एक कादंबरी वाचली होती. मला वाटले, व्याख्यानाचे आमंत्रण असेल. तारीख बघण्यासाठी मी डायरी उघडलीसुद्धा.

"सर, व्याख्यान नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्याकडे एका मुलाचे आजोबा होऊन बसाल का?"

मग त्यांनी समजावून सांगितले. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात 'एटकॉम' नावाचा एक भाग आहे. वृत्ती, नीती आणि संवाद, असा त्याचा सोपा अर्थ. आजाराचे नाव नातेवाइकांना कसे सांगायचे, हे त्यात शिकवावे लागते. मुले एकमेकांवरच सराव करतात, पण समोर वसतिगृहातला मित्र बाप होऊन बसला की दोघांनाही हसू फुटते. म्हणून बाहेरचे कुणीतरी वडीलधारे माणूस हवे होते. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे, मुलाचा बाप कामासाठी परमुलखात आहे, आई घरी धाकट्याला घेऊन बसली आहे आणि आजोबा एकटे इस्पितळात आले आहेत. भावी डॉक्टरांनी त्या आजोबांना निदान सांगायचे.

मी लगेच हो म्हणालो. पण होकार देताना एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. असा एक निरोप माझ्या आयुष्यात खरोखरच येऊन गेला होता आणि तो पुढे पोचवण्यात मी नापास झालो होतो.

*

ही १९८६ सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, जिल्ह्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. माझी थोरली बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दिलेली. तिचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पावसाळ्याच्या तोंडी त्याचे पाय दुखू लागले. खेळता खेळता मध्येच बसायचा, रात्री रडून उठायचा, अंगात बारीक ताप असायचा. गावातल्या डॉक्टरांनी सांधेवात म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी जादू केली. आठ दिवसांत ताप गेला, पोरगा पळू लागला, भूक इतकी वाढली की ताईने कौतुकाने मला पत्र लिहिले. मी उलट टपाली उत्तर धाडले : 'डॉक्टर हुशार दिसतात, बदलू नका.' ते वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते. घरात इंग्रजी वाचणारा आणि टाय बांधणारा मी एकटाच, म्हणून माझ्या शब्दाला वजन होते.

गोळ्या थांबल्यावर महिन्याभरात दुखणे परत आले, ते दुपटीने. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, पायांवर लाल-जांभळे ठिपके उठले. धामणगावहून रात्रीची गाडी पकडून आम्ही त्याला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. तिसऱ्या दिवशी, व्हरांड्यात, पुढच्या वॉर्डाकडे निघालेल्या डॉक्टरांनी चालता चालता मला गाठून इंग्रजीत दोन वाक्ये सांगितली. एकात रोगाचे नाव होते, दुसऱ्यात आशा फारशी नाही असे होते. मी 'येस डॉक्टर' म्हणालो. ते गेले. मी त्यांना आज दोष देत नाही. त्यांच्या मागे आणखी चाळीस खाटा होत्या.

ताई व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. तिने विचारले, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "रक्त कमी आहे. इंजेक्शनं घ्यावी लागतील."

भाऊजींना मी खरे सांगितले, तेही अर्धेच. सात आठवडे उपचार झाले. मुलगा सुधारला, हसूबोलू लागला. पुढच्या तारखेपर्यंत पंधरा दिवस घरी जा, असे सांगण्यात आले. घरी गेल्यावर दहाव्या दिवशी संध्याकाळी त्याला ताप भरला. ताईने मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, घरात होती ती तापाची गोळी दिली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने जिल्ह्याला जायचे ठरवले. ती एसटी त्याला मिळाली नाही. पहाटेच तो गेला.

या गोष्टीवर मी कादंबरी लिहिली नाही, कथाही लिहिली नाही.

*

प्राध्यापिकाबाईंची एक अट होती. भूमिका करण्याआधी आठवडाभर त्यांच्याबरोबर वॉर्डात फिरायचे. सकाळी साडेआठला राउंड सुरू व्हायचा. पुढे त्या, मागे दोन-तीन रेसिडेंट डॉक्टर, त्यांच्यामागे गळ्यात नवे स्टेथोस्कोप घातलेली विद्यार्थ्यांची रांग आणि सगळ्यांत शेवटी मी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना दहा मिनिटे एका खाटेपाशी नुसते उभे केले. हात लावायचा नाही, रिपोर्ट बघायचे नाहीत, फक्त बघायचे. मग विचारले, "तळहात कुणी पाहिले? आईच्या तळहाताशेजारी ठेवून पाहिले?" फिकेपणा असा बघायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. फिकट पडलेले मूल. कारण न सापडता रेंगाळणारा ताप. काही न लागता अंगावर उठलेले ठिपके किंवा काळेनिळे डाग. मानेत, काखेत गाठी. पोटात हाताला लागणारी प्लीहा किंवा यकृत. आणि चालता चालता लंगडणारे, रात्री हाडे दुखतात म्हणून रडणारे मूल. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर आधी रक्ताची साधी तपासणी करायची आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तो जाणत्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. या तपासणीला फार पैसे लागत नाहीत, ती कुणाच्या तरी मनात यावी लागते.

"आणि निदान होईपर्यंत," त्या थांबून म्हणाल्या, "स्टेरॉइड द्यायचं नाही. पाय दुखतायत, सांधेवात असेल, देऊन बघू, असं करायचं नाही. का?"

एका मुलाने बरोबर उत्तर दिले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्याच्यावर स्टेरॉइड हे एक औषधच आहे. एकटे दिले तर ते काही आठवडे रोग दाबून टाकते. ताप जातो, दुखणे जाते, भूक वाढते. रक्तातल्या आणि हाडांच्या मगजातल्या खुणा पुसट होतात, निदान लांबते आणि रोग परत येतो तो अधिक हट्टी होऊन.

मी वही मिटली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या जादूच्या गोळ्यांचा खुलासा मला एका विशीतल्या पोराने, तासाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिला होता.

*

त्या वॉर्डात सगळी मुले कर्करोगाची नव्हती. रक्ताचे आजार किती तऱ्हांचे असतात आणि एक दुसऱ्याचे सोंग कसे घेतो, हे शिकवण्यासाठीच बाईंनी ती फेरी आखली असावी.

एका खाटेवर चौदा महिन्यांचे बाळ होते. मान धरीनासे झालेले, हसू विसरलेले. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तिन्ही कमी. आधीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाची शंका लिहून पाठवले होते. आई-बापांची तोंडे बघवत नव्हती. बाईंनी बाळाचा हात उचलून बोटांच्या पेरांवरचा काळपट रंग विद्यार्थ्यांना दाखवला आणि आईला विचारले, "अजून अंगावरच पितं का? वरचं काय देता?" बाळ केवळ आईच्या दुधावर होते आणि आईच्या स्वतःच्याच अंगात बी-१२ या जीवनसत्त्वाचा दुष्काळ होता. आवश्यक त्या तपासण्या झाल्या, इंजेक्शने सुरू झाली. माझा आठवडा संपायच्या आत ते बाळ माझ्या चष्म्याकडे हात नेऊ लागले. चुकीचे निदान दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे त्या दिवशी साऱ्यांच्या लक्षात राहिले.

शेजारच्या खाटेवर नऊ वर्षांचा थॅलेसेमियाचा मुलगा रक्त घ्यायला आला होता. दर तीन आठवड्यांनी येतो. लहानपणी कित्येक महिने त्याला नुसता 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाचे टॉनिक पाजले गेले होते. थॅलेसेमियात लोह कमी नसते. लाल पेशीतले हिमोग्लोबिनच नीट बनत नाही. वर बाहेरून दिलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात येते. शरीर स्वतःहून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकते. उरलेले हृदयात, यकृतात साठत जाते. त्याच्या आईने एक वही ठेवली होती : तारीख, आधीचे हिमोग्लोबिन, किती पिशव्या, लोह उतरवण्याची गोळी कधी चुकली. मी आयुष्यभर लेजर तपासले आहेत, पण इतके स्वच्छ लेजर क्वचित पाहिले. नुसते जमा होत राहणारे खाते, त्यातून काढायची सोय म्हणजे ती गोळी. मी हे बाईंना म्हणालो तर त्यांनी विद्यार्थ्यांना तसेच सांगून टाकले. त्या दिवसापासून मुले मला 'बँकवाले आजोबा' म्हणू लागली.

आणि एक बारा वर्षांची मुलगी होती, सिकलसेलची. दुखण्याने धनुष्यासारखी वाकली होती. मागे कुणीतरी हळूच म्हणाले, "नाटक करते का?" बाईंना ते ऐकू आले. त्या त्याला काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला तिच्या उशाशी बसवले आणि औषधाचा परिणाम होईपर्यंत तिथून उठू दिले नाही. विळ्याच्या आकाराच्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे रक्त पोचत नाही आणि हाड आतून ठणकते. बाहेरून काहीच दिसत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात डॉक्टरकी करायची तर हे ठाऊक असलेच पाहिजे. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मुलाला हा आजार होण्याची. २०२३ च्या जुलैत मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचे लक्ष्य चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आहे. "तपासणी यंत्र करील," बाई म्हणाल्या, "पण रिपोर्ट आल्यावर त्या पोरीच्या लग्नाचं काय, हे आई तुम्हालाच विचारणार आहे."

*

एका दुपारी वर्गात त्यांनी औषधांचा इतिहास सांगितला. तो इथे देतो, कारण त्याचे एक टोक आपल्या परळ-लालबागला आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक तऱ्हेचा पंडुरोग ती अभ्यासत होती. तिला आढळले की यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात ते 'मार्माइट', दिल्यावर या बायका सुधारतात. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत बनवण्याचे काम १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत झाले आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉलिक ॲसिडने रक्तपेशी वाढतात, तर त्याच्या उलट काम करणाऱ्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतील का? बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी सुब्बारावांच्या चमूने बनवलेले तसे द्रव्य रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ च्या जूनमध्ये त्यांनी लिहिले की सोळापैकी दहा मुलांत रोग काही काळ हटला. त्याआधी या रोगापुढे डॉक्टर हात जोडून उभे राहत. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्या औषधाचे भावंड, मेथोट्रेक्सेट, आजही मुलांना दिले जाते.

आणखी एक धागा मुंबईचाच. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी न्यास निघाला आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. १९८० च्या दशकात तिथल्या, मद्रासच्या आणि दिल्लीच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या तज्ज्ञांबरोबर भारतातल्या मुलांसाठी औषधांची एक पद्धत बसवली आणि बरी होणारी मुले कितीतरी वाढली. म्हणजे माझा भाचा आजारी होता, तेव्हा हे दार नुकते किलकिले होत होते.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट सांगून झाल्यावर बाईंनी विचारले, "घरी देताना ही गोळी किती वेळा?" उत्तर होते, आठवड्यातून एकदा. उपचाराच्या शेवटच्या, लांबच्या टप्प्यात एक गोळी रोज असते आणि ही आठवड्यातून एकदा. चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून, तो वार चिठ्ठीवर मराठीत लिहून, आईकडून वदवून घ्यायचा. दुसरे एक औषध, व्हिनक्रिस्टिन, केवळ शिरेतूनच द्यायचे. पाठीच्या कण्यात द्यायच्या औषधाशेजारी ते ठेवायचेही नाही. चुकून कण्यात गेले तर मूल वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीत भरायचे आणि दोन माणसांनी वेगवेगळे तपासून सह्या करायच्या.

या दोन सह्यांशी माझी जुनी ओळख होती. तिजोरीच्या दोन किल्ल्या कधी एका माणसाकडे नसतात. व्हाऊचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा. हाताखालच्या कारकुनावर विश्वास नाही म्हणून ही पद्धत नसते, संध्याकाळी पाच वाजता कुणाचेही डोळे चुकू शकतात म्हणून असते. एका इंटर्नला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, आमचे पाच पहाटेचे असतात."

*

शेवटी तो दिवस आला. एका रिकाम्या खोलीत दोन खुर्च्या, एक स्टूल, भिंतीकडेने विद्यार्थी. मी धोतर-टोपी घालून गेलो होतो, त्यावर बरीच हशापिकली झाली.

पहिला मुलगा आला. हुशार होता. उभ्यानेच त्याने मला मगजातल्या पेशींचे प्रमाण सांगितले. मी मान हलवत राहिलो. दुसरी मुलगी फार मायाळू. "आजोबा, काही काळजी करू नका, सगळं चांगलं होईल," असे तीनदा म्हणाली आणि रोगाचे नाव न सांगताच निघून गेली. बाईंनी दोघांच्या वहीत काहीतरी लिहिले.

तिसरी मुलगी वाशीम जिल्ह्यातली, शेतकऱ्याघरची. तिने आल्याआल्या दार लोटले, स्टूल ओढले आणि माझ्यासमोर बसली. मग विचारले, "आजोबा, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?"

मला दिलेल्या कागदावर उत्तर लिहिलेले होते. मी म्हणालो, "रक्त कमी आहे म्हणतात."

"रक्त कमी आहे हे खरं. पण का कमी आहे, ते आता कळलंय. सांगू का? बरोबर आणखी कुणी हवंय का तुम्हाला?"

मी म्हटले, सांगा. तिने रोगाचे नाव घेतले, कॅन्सर हा शब्द न चुकवता. आणि मग गप्प बसली. खोलीत कुणी हलले नाही. बऱ्याच वेळाने तिने सांगितले की हा मोठ्या माणसांच्या कॅन्सरसारखा नाही. मुलांतला हा आजार पुष्कळदा पूर्ण बरा होतो. उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, पहिले काही महिने कठीण असतात. महात्मा फुले योजनेतून खर्चाची सोय होते, त्याचे कागद आजच भरू. तिने काहीही वाढवून सांगितले नाही.

मग ती म्हणाली, "आता घरी गेल्यावर मुलीला काय सांगाल, ते मला एकदा सांगून दाखवा."

हे कागदावर नव्हते. मी तोंड उघडले आणि माझ्या तोंडून आपसूक निघाले, "रक्त कमी आहे म्हणून सांगेन. इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"नको आजोबा," ती म्हणाली. "तिला खरं ठाऊक असायला हवं. पोराजवळ तीच असणार. या औषधांनी पांढऱ्या पेशी कमी होतात, मग साधा तापसुद्धा साधा राहत नाही. ताप आला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं. इस्पितळात पाऊल ठेवल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. आईला आजार ठाऊक नसेल तर ती कशाला धावपळ करेल? तिला उद्या घेऊन या, मी सांगते. हे तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नको."

मी आजोबांची भूमिका तिथेच सोडली. टोपी काढली आणि त्या पंचवीस-तीस मुलांना १९८६ सालची गोष्ट सांगितली. व्हरांडा, दोन वाक्ये, मी केलेले भाषांतर, पंधरा दिवसांची सुट्टी, सकाळची एसटी. त्या मुलीला वाटले आपले काही चुकले. बाईंनी तिला पाणी दिले आणि मलाही.

*

जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत तीस टक्केही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवले की २०३० पर्यंत हा आकडा सगळीकडे निदान साठावर न्यायचा. औषधे बहुतेक जुनीच आहेत. फरक पडतो तो वेळेत ओळखण्याने, पुरेशा परिचारिका असण्याने, चोख रक्तपेढीने आणि उपचार मध्येच न सुटण्याने. उपचार सुटतात ते पैशापायी, मुंबईत राहायला जागा नाही म्हणून, घरी दुसरी लेकरे आहेत म्हणून. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा असो की २००६ पासून मुलांना आणि आई-बापांना उपचाराच्या काळात घर देणारी सेंट ज्यूडची केंद्रे असोत, औषधाइतकेच काम या छपरांनी केले आहे.

मुलांच्या रक्ताच्या आणि कर्करोगाच्या आजारांचे तज्ज्ञ व्हायला एमबीबीएसनंतर एमडीची तीन वर्षे आणि पुढे आणखी तीन लागतात, आणि त्या जागा मोजक्याच. पण लंगडणारे मूल आधी त्या तज्ज्ञाकडे जात नाही. ते तालुक्याच्या डॉक्टरकडे जाते, आणि तो डॉक्टर आज या वॉर्डात रांगेच्या शेवटी उभा राहून मोबाइल बघतो आहे. म्हणून बाई आपला वेळ त्या शेवटच्या पोरावर खर्च करतात.

मी आता तिथे दर तीन महिन्यांनी जातो. प्रत्येक तुकडीला आजोबा लागतात.

पहिल्या खेपेनंतरच्या रविवारी मी ताईकडे गेलो. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. चहा झाल्यावर मी तिला सगळे सांगितले, व्हरांड्यात डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी तिला काय सांगितले तेही. सांगताना तिच्याकडे बघण्याचे धैर्य नव्हते.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं?" ती म्हणाली. "त्याचे केस गेले तेव्हाच कळलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नावही सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "तापाचं मात्र कुणी सांगितलं नाही रे. नाहीतर मी त्याला कडेवर घेऊन रात्रीच निघाले असते."

तिने ताट बाजूला ठेवले आणि विचारले, "त्या मुलीनं नीट सांगितलं ना? रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं म्हणून?"

मी म्हटले, "हो ताई. अगदी नीट सांगितलं."